टूर्निकेटचा कफ: ‘हाताला 250, पायाला 300’ सोडून दाब ठरवायचा कसा?

खाडीकाठ

कोकणपट्टीतल्या लहान ओटींमध्ये (ऑपरेशन थिएटर) टूर्निकेटचा, म्हणजे ऑपरेशनवेळी हात-पायाचा रक्तप्रवाह थांबवणाऱ्या, हवा भरलेल्या पट्ट्याचा (कफाचा) दाब अजूनही बऱ्याच ठिकाणी एकाच ठोकताळ्यावर चालतो: हाताला 250, पायाला 300 मिमी पारा. पेशंट 42 किलोची आजी असो की 95 किलोचा ट्रकचालक, काटा तिथंच नेऊन ठेवतात. कृश आजीच्या दंडाला 250 म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाब. नर्व्ह दुखावते ती बहुधा अशाच वेळी, आणि तीही कफाच्या कडेखाली, कारण तिथे दाब एकदम बदलतो.

दाब ठरवायला दोनच गोष्टी लागतात. एक, या पेशंटचा, या कफाने, आत्ताच्या बीपीला रक्तप्रवाह नेमका किती दाबाला थांबतो, म्हणजे लिंब ऑक्लूजन प्रेशर. दोन, त्यावर सुरक्षेसाठी ठेवायची वाढ. ऑक्लूजन प्रेशर 130 पर्यंत असेल तर 40 मिमी वाढवा, 131 ते 190 असेल तर 60, त्याहून जास्त असेल तर 80. लहान मुलांत 50.

स्वयंचलित यंत्र नसलं तरी हॅन्ड डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) पुरतो. स्पायनल (कमरेतली भूल) किंवा ब्लॉक (एकाच भागाची भूल) पूर्ण लागू द्या, बीपी स्थिर होऊ द्या. कफ अस्तरासकट बांधून झाल्यावर हात-पाय हृदयाच्या पातळीला आडवा ठेवा. पायाला आतल्या घोट्यामागे पोस्टेरियर टिबियल, हाताला रेडियल. आवाज नीट सापडला की कफ सावकाश, 10-10 च्या टप्प्याने फुगवायचा. आवाज बंद झाला तो आकडा लिहा, हळूहळू सोडताना परत आला तोही लिहा, त्यातला मोठा धरा. मग कफ पूर्ण रिकामा करून पाय उचला आणि पुढचं काम. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं.

उदाहरण घ्या. मांडीवर रुंद कफ, आवाज 168 ला गेला. 168 अधिक 60 म्हणजे 228, लावा 230. दंडावर 124 ला गेला तर 164, लावा 165. म्हणजे 300 आणि 250 च्या जागी 230 आणि 165.

ज्यांच्याकडे डॉपलर नाही, यंत्र जुनं आहे, ते काय करतात? सगळ्यांनी लिहा. सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, टेक्निशियन, सगळेच.

आंबोली_धुकं

खाडीकाठ सर, आकडेवारी मान्य. ऑर्थोपेडिकच्या बाजूने भर घालतो.

मोजलेला दाब कफाच्या रुंदीवर अवलंबून असतो. अरुंद कफाला तोच प्रवाह थांबवायला बराच जास्त दाब लागतो. त्यामुळे मापात बसेल तेवढा रुंद कफ घ्यावा आणि टोकं एकमेकांवर 3 ते 6 इंच यावीत. कमी आली तर वेल्क्रो मधेच सुटतो, जास्त आली तर आतली कड दुमडून त्वचेत रुतते. मांडी वर जाड, खाली निमुळती असेल तर सरळ कफ खाली घसरतो. तिथे निमुळता कफच हवा.

स्थूल पेशंटच्या मांडीला एक काळजी घ्या. अस्तर गुंडाळताना आणि कफ बांधताना सहायकाने मांडीचं मांस दोन्ही हातांनी गुडघ्याकडे ओढून धरायचं आणि कफ घट्ट झाल्यावरच सोडायचं. मग ते मांस कफाच्या खालच्या कडेला टेकू देतं. पुरुष पेशंटमध्ये जांघेतली नाजूक जागा कफाखाली अडकली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. आणि एकदा बांधलेला कफ फिरवून नळीची दिशा सुधारू नका. त्वचा कफाबरोबर पिळली जाते. उघडा, पुन्हा बांधा.

जागा: दंडावर जाड स्नायूच्या भागात, शक्य तितकं वर. खाली, कोपराकडे रेडियल नर्व्ह हाडाला चिकटून जाते. पोटरीचा कफ लावत असाल तर सर्वांत जाड भागावर, फिब्युलाच्या (पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्यापासून स्पष्ट खाली. पेरोनियल नर्व्ह त्या डोक्यापाशी बोटाला लागते इतकी त्वचेलगत असते.

नवी_भूल

मी डीए (भूलशास्त्राची पदविका) करतेय. डॉपलर नसेल तर पायाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून तरंग जातो तो आकडा चालेल का?

खाडीकाठ

चालेल, पण मर्यादा ओळखून. पाय थंड असेल, नेलपॉलिश असेल, पायात रक्ताभिसरण मुळातच कमी असेल तर तरंग खऱ्या ऑक्लूजनच्या आधीच जातो आणि आकडा खोटा, कमी येतो. स्पायनलनंतर रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, तेव्हा तरंग चांगला दिसतो, त्या वेळी मोजा. आकडा जाताना घ्याल तसा येतानाही घ्या. प्रोबची स्क्रीनवरची सरासरी काही सेकंद मागे चालते, म्हणून दर टप्प्याला थांबावं लागतं.

यातलं काहीच शक्य नसेल तर निदान सिस्टॉलिकवरून ठरवा. हाताला सिस्टॉलिक अधिक 50 ते 75, पायाला अधिक 100 ते 150. ढोबळ आहे, पण ‘सगळ्यांना 300’ यापेक्षा बरं. ऑपरेशन चालू असताना बीपी बरंच वर गेलं तर दाबही वाढवावा लागतो. म्हणून भूलतज्ज्ञाने बीपीचा बदल सर्जनला तोंडाने सांगायचा.

ओटी_सिस्टर_चिपळूण

दाबाइतकंच नुकसान ओल्या अस्तराने होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बिटाडीन किंवा स्पिरिट लावताना ते मांडीच्या मागच्या बाजूने ओघळून कफाखालच्या कापसात शिरतं. समोरून अस्तर कोरडं दिसतं, मागून ओलं असतं. वर तास-दीड तास दाब. दुसऱ्या दिवशी कफाच्या जागी पट्ट्यासारखे फोड येतात, आणि ते दिसले की सगळे म्हणतात ‘प्लॅस्टर टोचलं’. ती रासायनिक भाजणूक असते.

करायचं असं:

आधी त्वचा टॉवेलने पूर्ण कोरडी करायची. मे महिन्यात पेशंट ओटीत येईपर्यंत घामाने भिजलेला असतो. मग स्टॉकिनेट किंवा सॉफ्टरोलचे दोन थर, सुरकुती न पडू देता. जास्त थर लावले की कफ गोल फिरतो आणि दाब अस्तरातच जिरतो. मग कफ. मग कफाच्या खालच्या कडेला चिकटणारी प्लॅस्टिक ड्रेप पट्टी पूर्ण वेढा घालून, अर्धी कफावर, अर्धी त्वचेवर. त्यानंतरच पेंटिंग, म्हणजे जंतुनाशक लावणं. पेंटिंग झाल्यावर पाय उचलून मागून हात फिरवून बघायचं. बोटाला ओल लागली तर कफ न फुगवता अस्तर बदलायचं, सर्जन कितीही घाई करत असले तरी.

स्पिरिटवालं द्रावण असेल तर किमान 3 मिनिटं वाळू द्यायचं. पावसाळी दमट हवेत त्याहून जास्त वेळ लागतो. ओलं असताना कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवणारं उपकरण) लावली तर आग लागू शकते.

वारा_भरती

ओटी टेक्निशियन, अलिबाग बाजूला. यंत्राचं सांगतो.

समुद्राच्या खाऱ्या हवेत काट्याच्या मीटरची स्प्रिंग आणि पितळी जोड गंजतात. काटा शून्यावर येतो म्हणून मीटर बरोबर, असं नसतं. पाऱ्याचं बीपी यंत्र वाय जोडणीने त्याच नळीला लावा आणि 100, 150, 200, 250, 300 ला दोन्ही वाचा. 10 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ते यंत्र बाजूला ठेवा. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, आणि यंत्र पडलं-आपटलं तर लगेच.

गळतीसाठी कफ रिकाम्या प्लॅस्टिक बरणीवर गुंडाळून 300 ला फुगवा, 5 मिनिटं थांबा. काटा उतरला तर साबणाचं पाणी जोडांना लावा, बुडबुडा कुठे येतो ते कळतं. बहुतेक वेळा कफ चांगला असतो, जोडातली रबरी रिंग कडक झालेली असते.

कफ धुताना नळीचं तोंड बंद करून मगच पाण्यात. नाहीतर पाणी फुग्यात शिरतं, आत बुरशी धरते, आणि तेच पाणी यंत्राच्या झडपेत जातं. वाळवताना पंख्याखाली, उन्हात नाही. वेल्क्रोत कापसाचे धागे भरले की पकड जाते. टूथब्रशने काढा. साफ करूनही ‘कर्रर्र’ आवाज न करता सुटत असेल तर तो कफ मांडीला वापरू नका.

सिलिंडरवर चालणारं यंत्र असेल तर फक्त दाबाची हवा किंवा नायट्रोजन. ऑक्सिजन कधीच नाही, कॉटरीशेजारी गळला तर पेट घेतो. नायट्रस ऑक्साइड पण नाही.

लाइटचं म्हणाल तर जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरुड बाजूला कित्येक दिवस वीज नव्हती. तशी वेळ रोज नसते, पण आमच्याकडे पावसात फेज रोज जातो. विजेच्या टूर्निकेटची बॅटरी पूर्ण चार्ज असताना प्लग काढून, कफ 250 ला ठेवून, ती प्रत्यक्षात किती वेळ टिकते ते एकदा घड्याळ लावून मोजा आणि यंत्रावर चिकटवा. शेजारी हातपंपाचं मीटर कायम हवं.

आंबोली_धुकं

वारा_भरती यांनी हातपंपाचं लिहिलं त्याला पुरवणी. साधा बीपीचा कफ मोठ्या ऑपरेशनला टूर्निकेट म्हणून वापरून नळीला आर्टरी फोर्सेप लावणं बंद करा. चिमटा लावला की मीटर कफापासून तुटतो. आत दाब गळतोय की नाही, कुणाला दिसत नाही. आणि दाब अर्धवट उतरला की शिरा बंद, धमनी चालू. पाय निळा, फुगलेला, आणि जखमेतून टूर्निकेट नसतं तर आलं नसतं इतकं रक्त.

याच कारणाने ऑपरेशन संपल्यावर कफ नुसता सोडून पायावर ठेवू नये. कफ आणि अस्तर दोन्ही लगेच काढायचं.

मधेच रक्त यायला लागलं तर आधी दाब वाढवायचा नाही, आधी कारण शोधायचं. बीपी वाढलंय? कफ घसरलाय? हाडाच्या मज्जेतून येतंय? ते कफाने थांबतच नाही. की मधुमेही पेशंटची धमनी कॅल्शियमने कडक झालीय? ती 350 लाही दबत नाही. अशा पेशंटच्या एक्सरेत मांडीत रुळासारख्या दोन समांतर रेघा दिसतात, त्या आधीच बघितल्या तर टूर्निकेटशिवायची तयारी करता येते.

डहाणूकर

पालघर जिल्ह्यातून. एक मुद्दा कुणी काढला नाही: सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार.

आमच्याकडे पाड्यांवरून येणाऱ्या आदिवासी पेशंटमध्ये हे विचारल्याशिवाय कफ फुगवूच नये. कफाखालच्या भागात ऑक्सिजन संपतो, आम्लता वाढते, रक्त साचतं. पेशी कोयत्यासारख्या वाकायला नेमकं हेच लागतं. सॉल्युबिलिटी टेस्ट लहान लॅबमध्येही होते. पॉझिटिव्ह आली तर वाहक की आजार, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने ठरवायचं. 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून अनेकांची तपासणी झालेली असते, कार्ड मागा. आजार असेल तर टूर्निकेटशिवाय करण्याकडेच कल ठेवा. टाळताच येत नसेल तर हेमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञ) विचारून, त्या अवयवातलं रक्त पूर्ण उतरवून, कमीत कमी वेळ, पेशंट उबदार, सलाइन व्यवस्थित, ऑक्सिजन चांगला.

बाकी टाळायच्या गोष्टी: डायलिसिसची फिस्ट्युला (धमनी आणि शिरेची जोडणी) असलेला हात, पायात बायपास ग्राफ्ट, पायाची धमनी आधीच अरुंद, चिरडलेला अवयव.

मिरकरवाडा

एसमार्क पट्टीबद्दल, म्हणजे कफ फुगवण्याआधी अवयवातलं रक्त पिळून वर सारणाऱ्या रबरी पट्टीबद्दल. जंतुसंसर्ग, गाठ किंवा शिरेत गुठळीची शंका असेल तर पट्टी पिळून रक्त उतरवायचं नाही, नुसता अवयव उचलायचा. हात सरळ वर, पाय जमेल तितका वर, 3 ते 5 मिनिटं. आपल्याकडे फ्रॅक्चरनंतर आधी बांबूच्या पट्ट्या बांधून घेऊन दोन-तीन आठवड्यांनी येणारे पेशंट कमी नाहीत. पोटरी सुजलेली, दुखरी असेल तर आधी शिरांचा डॉपलर. पट्टी पिळताना सुटलेली गुठळी थेट फुप्फुसात जाते.

अँटिबायोटिक कफ फुगवण्याआधी किमान 10 मिनिटं पूर्ण गेलेलं हवं. कफ फुगवल्यावर दिलेलं औषध जखमेपर्यंत पोचतच नाही.

नवी_भूल

वेळेची मर्यादा नक्की किती धरायची? आणि सोडताना भूलतज्ज्ञाने काय बघायचं?

खाडीकाठ

हाताला एक तास, पायाला दीड तास हे लक्ष्य. दोन तास ही शेवटची हद्द, तिथपर्यंत जायची मुभा नव्हे. दोन तासांत संपत नसेल तर कफ सोडा, जखमेत ओली गॉज दाबून धरा, किमान 15 मिनिटं रक्त फिरू द्या, मग परत. दुसरी फेरी पहिलीपेक्षा छोटी.

वेळ बोलायची असते. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘उजवी मांडी, 230, चढवला 10:40’. 60, 90, 105 मिनिटांना सिस्टर मोठ्याने सांगणार आणि सर्जन ‘ऐकलं’ म्हणणार. घड्याळ एकच, भिंतीवरचं. मॉनिटरचं आणि भिंतीवरचं यात फरक असतो आणि नोंदीत तो घोळ उतरतो.

45 ते 60 मिनिटांनंतर बीपी आणि नाडी चढायला लागते. जनरलमध्येही, आणि कधी स्पायनल चांगली असतानाही. भूल कमी पडतेय समजून औषधं वाढवत गेलात तर कफ सोडल्यावर बीपी कोसळतं.

सोडण्याआधी सर्जनने एक मिनिट आधी सांगायचं. सलाइन चालू, व्हॅसोप्रेसर (बीपी चढवणारं औषध) भरलेला. सोडल्यावर पहिल्या काही मिनिटांत बीपी खाली, कार्बन डायऑक्साइड वर, पोटॅशियम आणि लॅक्टेट वर, शरीराचं तापमान थोडं खाली. व्हेंटिलेटरवर असेल तर मिनिट व्हॉल्यूम (दर मिनिटाला दिली जाणारी हवा) वाढवा. डोक्याला मार असलेल्या अपघाताच्या पेशंटमध्ये हा कार्बन डायऑक्साइड मेंदूचा दाब वाढवतो. हायवेवरच्या केसेसमध्ये पाय आणि डोकं दोन्ही असतं, म्हणून लिहिलं. दोन पायांचे कफ एकाच वेळी कधीही सोडू नका.

आंबोली_धुकं

टाके घालण्याआधी सोडावा की ड्रेसिंगनंतर, यावर मतं दोन आहेत. हाताच्या आणि रक्तवाहिनीजवळच्या कामात टाक्यांआधी सोडून रक्तस्राव बघितलाच पाहिजे, असं माझं ठाम मत. घोट्याच्या साध्या प्लेटिंगला ड्रेसिंगनंतर सोडलं तरी चालतं.

मिरकरवाडा

बोटाचं टूर्निकेट राहिलंच. ग्लोव्हचं बोट कापून, टोकाला भोक पाडून, खाली गुंडाळत आणतात. सोपं आहे, रक्तही उतरतं. पण ती रिंग त्वचेच्या रंगाची असते, ड्रेसिंगखाली राहते, आणि दोन दिवसांनी बोट काळं. ब्रिटनमध्ये याच कारणाने 2009 साली सगळ्या रुग्णालयांना इशारा गेला होता. नियम एकच: रिंगला आर्टरी फोर्सेप लावलेला असल्याशिवाय कापायला सुरुवात नाही. चिमटा लोंबत असताना ड्रेसिंग करताच येत नाही. इन्स्ट्रुमेंट मोजणीत ‘बोटाचं टूर्निकेट: 1 लावलं, 1 काढलं’ हा रकाना हवा. ड्रेसिंगआधी बोटाचं टोक गुलाबी झालेलं दोघांनी बघायचं.

कोयत्याने तुटलेल्या बोटाच्या टेंडनसाठी तर टूर्निकेटशिवायही जमतं. 2 टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) 25 मिली, सलाइन 24.5 मिली, 1:1000 अॅड्रेनलिन 0.5 मिली. झालं 50 मिली, 1 टक्का, 1:100000. कमाल 7 मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे 50 किलोला 35 मिली. टोचल्यावर 25 ते 30 मिनिटं थांबायचं, घाई केली की रक्त येतंच. बोटाचा रक्तप्रवाह आधीच कमी असेल तर हे करू नका.

डहाणूकर

बीअर्स ब्लॉक (कफाने अडवलेल्या हाताच्या शिरेत औषध देऊन हात बधिर करणं) करणाऱ्यांसाठी, कारण तिथे कफ सुटणं म्हणजे औषध थेट हृदयाला. फक्त हाताला. 0.5 टक्के लिग्नोकेन, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं, 3 मिग्रॅ प्रतिकिलो: 50 किलोला 30 मिली. बुपिवाकेन कधीच नाही. दुसऱ्या हातात चालू सलाइन, इंट्रालिपिड 20 टक्के (बधिर करणाऱ्या औषधाच्या विषबाधेवरचा उपाय) ओटीत.

दुहेरी कफात आधी वरचा फुगवायचा. दुखायला लागलं की आधी खालचा फुगवायचा, तो लागला याची खात्री करायची, मग वरचा सोडायचा. नळ्या दिसायला सारख्या असतात, म्हणून लाल आणि निळी टेप लावा, नळीवर आणि कफावर दोन्हीकडे. ऑपरेशन 5 मिनिटांत संपलं तरी औषध दिल्यापासून 20 मिनिटांआधी कफ सोडायचा नाही.

कातळसडा

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, देवगड तालुका. ओटी नाही, पण बांधून आलेले पेशंट रोजचे. फुरसं चावलं की सुंभाने करकचून बांधून आणतात. आणि ट्रॉलरच्या विंचमध्ये हात अडकलेले नायलॉनच्या दोरीने. काय करावं?

मिरकरवाडा

दोन्ही वेगळे.

साप चावल्यावर बांधायचं नसतंच. फुरशाच्या विषात बांधल्याने त्या जागेचं नुकसान वाढतं. पण बांधून आला तर झटकन कापू नका, साचलेलं विष एकदम आत जातं. आधी सलाइनची सुई, प्रतिविष आणि श्वासनलिकेची तयारी, बांधलेल्या खाली नाडी आहे का ते बघा. नाडी नसेल तर दोरीच्या वर बीपीचा कफ फुगवा, दोरी कापा, कफ सावकाश उतरवा.

विंचचा तुटलेला हात वेगळा. तिथे जीव वाचवायला टूर्निकेट हवंच, पण दोरी नको, किमान चार सेंटीमीटर रुंद पट्टा. जखमेच्या 5 ते 7 सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट. दर पंधरा मिनिटांनी सैल करायची जुनी पद्धत सोडून द्या, त्याने रक्त जातं आणि फायदा काही नाही. तुमच्याकडे दोन तासांच्या आत पोचला आणि पेशंट शॉकमध्ये नसेल तर जखमेत गॉज ठासून, दाबपट्टी बांधून टूर्निकेट सैल करून बघता येतं. रक्त आलं तर परत घट्ट. सहा तासांवर गेलं असेल तर तिथे सोडू नका.

देवगडहून कोल्हापूर किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पाठवताना घाटातला, रस्त्यातला वेळ धरूनच हिशोब करा. चिठ्ठीत आणि पेशंटच्या अंगावर, मार्करने, दोन्हीकडे लिहा: बांधल्याची वेळ, कुणी बांधलं, कशाने, मधे सैल केलं का, बांधण्याआधी बोटं हलत होती का. आणि टूर्निकेटवर चादर टाकू नका. पुढच्या डॉक्टरला ते दारातच दिसलं पाहिजे.

ओटी_सिस्टर_चिपळूण

‘बोटं हलत होती का’ हे आमच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनलाही लागू आहे. ओटीत घेण्याआधी मनगट वर उचलणं, अंगठा ताणणं, पायाचा अंगठा वर उचलणं, अंगठा-तर्जनीमधल्या जागेची संवेदना, हे चार रकाने वॉर्डातच भरून यायला हवेत. दंडाचं हाड मोडलेल्यांत रेडियल नर्व्ह अनेकदा अपघातातच गेलेली असते. आधी लिहिलं नाही तर नंतर ती टूर्निकेटने गेली की आधीच, हे कुणालाच सांगता येत नाही. स्पायनल किंवा ब्लॉक उतरल्यावर तेच चार रकाने पुन्हा भरायचे, आणि कफाखालची त्वचा उजेडात, मागची बाजू वळवून बघायची.